बावीस घरांची मोटार

तांडा, महागावजवळ
१२ फेब्रुवारी १९६२

प्रिय श्रीकृष्ण,

तू वकील झाल्यापासून तुला फुकटात पत्र लिहायची भीती वाटते. तरी लिहितो. यवतमाळच्या बोर्डिंगात तू माझी गणितं सोडवलीस आणि तुझ्या वाटची भांडणं मी केली, त्यात हे बसवून घे.

मोटार तांड्यात आली त्याला आज सव्वीस दिवस झाले. त्यातले निम्मे दिवस ती चालली आणि निम्मे दिवस आम्ही ती चालवली, म्हणजे मागून ढकलली. सपाट रस्त्यावर ती शहाण्यासारखी वागते. चढ लागला की पुढून वाफ निघते, पाणी खदखदतं आणि गाडी उभी राहते. आमचा उत्तमसिंग फौजेत पाच वर्षं ट्रक चालवून आलेला माणूस, पण त्यानंही हात टेकले. आता तो पाण्याच्या दोन घागरी घेतल्याशिवाय गावाबाहेर पडत नाही. पुसदच्या वाटेवर ढोरं चारणाऱ्या पोरांना आमचा आवाज ओळखीचा झाला आहे.

दोनदा थांबत थांबत नागपूरला दुकानात नेऊन आणली. दोन्ही वेळा त्यांनी काहीतरी पिळलं, काहीतरी पुसलं आणि हसून परत दिली. तिसऱ्यांदा न्यायची माझी इच्छा नाही. मला गाडी परत करायची आहे आणि बावीस घरांचा पैसा परत आणायचा आहे.

तुला आमची गोष्ट माहीत आहे, पण पुन्हा सांगतो, कारण रात्रंदिवस माझ्या डोक्यात तीच आहे. आमचे आजे-पणजे बैलांवर मीठ आणि धान्य लादून मुलुखभर फिरले. त्याला आम्ही लदेणी म्हणतो. रेल्वे आली, लदेणी बुडाली, आम्ही इथं शेती करू लागलो. बापू, म्हणजे माझे वडील, गेल्यावर तांड्याची नायकी माझ्याकडे आली तेव्हा मीच सगळ्यांना म्हणालो, की आपण वाटेवरची माणसं आहोत, सगळ्यांची मिळून एक मोटार घेऊ. दुखणेकऱ्याला दवाखान्यात नेता येईल, बाजाराला जाता येईल, उरलेल्या दिवशी भाड्यानं लावू. कपाशी विकून बावीसही घरांनी पैसे दिले. कोणी कागद मागितला नाही, माझा शब्द पुरला. आता मी नदीवर गेलो तरी बोलणं थांबतं.

दुकान तू सांगितलंस. दुकानाचा मालक चंद्रशेखर तुझ्या बायकोचा मामेभाऊ. लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसतात आणि आम्हाला पंधरा दिवसांत गाडी मिळाली, तेव्हा मी तुझे केवढे आभार मानले होते. आता त्याच तोंडानं सांगतो, त्याला एक कडक पत्र लिही.

वहिनींना नमस्कार.

तुझा
खेमसिंग


यवतमाळ
१७ फेब्रुवारी १९६२

प्रिय नायकसाहेब,

तुझं पत्र वाचून रत्नप्रभा हसली, मग तिनं ते घडी करून ठेवलं. भाऊ तिचा आहे ना.

कडक पत्र लिहायला मला अर्धा तास पुरतो. पण त्याआधी मला वकिलासारखं वागू दे. गाडीबरोबर कंपनीचा हमीचा कागद आला आहे. त्याची मुदत सहा महिने, म्हणजे आपल्याला जुलैच्या मध्यापर्यंत वेळ आहे. पण त्यात एक कलम असं आहे की गिऱ्हाइकानं गाडीत काही फेरफार केला असेल, जास्त माणसं कोंबली असतील किंवा हयगय केली असेल तर हमी संपली. दुकानदार याच कलमाला धरून बसतो. तेव्हा मला नीट कळव. गाडी किती वेळा उकळली, कुठं, आत किती माणसं होती. आणि मुख्य म्हणजे, तुम्ही गाडीला काही केलं आहे का? काही बदललं, जोडलं, बांधलं? खरं सांग. आपल्या माणसानं लपवलेली गोष्ट समोरचा माणूस बाहेर काढतो, तेव्हा वकिलाला खाली मान घालून बसावं लागतं.

एक सांगून ठेवतो. गाडी इतक्या लवकर कशी मिळाली, हा विषय तू यात काढू नकोस. चंद्रशेखर दुखावेल आणि मूळ मुद्दा बाजूला राहील.

नदीवरच्या बोलण्याकडे लक्ष देऊ नकोस, हे सांगणं सोपं आहे. मला माहीत आहे, तू देणारच.

तुझा
श्रीकृष्ण


तांडा
२४ फेब्रुवारी १९६२

प्रिय श्रीकृष्ण,

फेरफार काही नाही. एक स्क्रूसुद्धा आम्ही हलवला नाही. उत्तमसिंग गाडीला रोज पुसतो आणि याडी, म्हणजे माझी आई, तिला रोज कुंकू लावते. एवढंच.

गाडी एकूण चौदा वेळा उकळली. एकदाही पाचापेक्षा जास्त माणसं नव्हती. तेरा वेळांची यादी वेगळ्या कागदावर जोडली आहे. चौदावी इथं लिहितो.

परवा दुपारी जमनीला कळा लागल्या. ती देवीलालची बायको, पहिलंच बाळंतपण. सुईण म्हणाली, मूल आडवं वाटून राह्यलं, पुसदला न्या. आम्ही गाडी काढली. ज्या कामासाठी ती घेतली ते पहिलंच काम. देवीलाल पुढं बसला, मागं जमनी, याडी आणि मी. निम्म्या चढावर वाफ. उत्तमसिंगनं दोन्ही घागरी ओतल्या, हात भाजून घेतले, गाडी काही हलेना. देवीलाल नुसता माझ्याकडे पाहत राहिला. मागून कडब्याची बैलगाडी येत होती. आम्ही कडबा रस्त्यावर टाकला आणि जमनीला तिच्यात घातलं. दवाखाना तीन मैलांवर राहिला असताना मूल आपसूक फिरलं आणि बैलगाडीतच जन्मलं. मुलगी आहे. दोघी बऱ्या आहेत. तांड्यात सगळे हसून सांगतात, की नवी मोटर सोडून पोरगी बैलगाडीत आली, पोरगी हुशार आहे.

मीही हसलो. मग घरामागं जाऊन बराच वेळ बसलो. श्रीकृष्ण, काही वाईट झालं असतं तर या तांड्यात मी तोंड दाखवलं नसतं.

पत्र लिहिलंस का?

खेमसिंग


यवतमाळ
१० मार्च १९६२

खेमसिंग,

मुलीच्या बातमीनं बरं वाटलं. पुढचं मात्र रागात लिहितो आहे.

मी चंद्रशेखरला चार पानी पत्र पाठवलं. तुझ्या चौदा वेळा, हमीचं कलम, सगळं. शेवटी मोठ्या तोऱ्यात लिहिलं की माझ्या पक्षकारानं गाडीला काहीही केलेलं नाही. काल त्याचं उत्तर आलं. तो लिहितो: "दोन्ही वेळा गाडी दुकानात आली तेव्हा तिच्या पुढच्या जाळीवर आरसे आणि कवड्या शिवलेलं गोधडीएवढं जाड कापड घट्ट बांधलेलं होतं. आमच्या फिटरनं ते पाहिलं आहे. त्या जाळीतून हवा आत जाते आणि इंजिनाचं पाणी थंड राहतं. हवाच बंद केली तर पाणी उकळणारच. दोष गाडीचा नाही, तांड्यातल्या बायकांच्या शिवणकामाचा आहे. पैसे परत मिळणार नाहीत."

मी तुला स्पष्ट विचारलं होतं. बांधलं का, हा शब्दसुद्धा वापरला होता. तू लिहिलंस, एवढंच. वीस वर्षांच्या दोस्तीत तू माझ्याशी खोटं बोलला नव्हतास. आता मी कोणत्या तोंडानं पुढं भांडू?

त्या कापडाबद्दल काय ते कळव. नाहीतर हे प्रकरण इथंच थांबवू.

श्रीकृष्ण


तांडा
१६ मार्च १९६२

श्रीकृष्ण,

तू कोर्टात जाताना धोतर नेसला होतास हे कुणाला पत्रात कळवतोस का? त्या कापडाबद्दल मी लिहिलं नाही ते तसंच. मला ते गाडीला "केलेलं" काही वाटलंच नाही. खरं सांगायचं तर तुझं पत्र वाचताना एकदा मनात आलं होतं. पण यवतमाळात आमच्या झुलींना लोक कसे हसतात ते मी बोर्डिंगात पाहिलं आहे. तूही एकदा हसला होतास. म्हणून हात आखडला. ती माझी चूक.

आता ऐक. लदेणीच्या काळात तांड्याच्या पुढं एक बैल चाले. त्याच्यावर कधी ओझं लादत नसत. त्याच्या कपाळावर आणि अंगावर आरशांची झूल असे. तो आमच्या संताचा, सेवाभायाचा बैल. तो थांबला की तांडा थांबे, तो चालला की चाले. मोटार आली तेव्हा बायका म्हणाल्या, आता पुढं चालणारी हीच. बावीस घरच्या बायकांनी आठ दिवस बसून झूल शिवली आणि याडीनं नवस बोलून गाडीच्या कपाळावर बांधली. पोहऱ्याला सेवाभायाच्या समाधीला गाडी जाऊन येईपर्यंत झूल सोडायची नाही, असा नवस. आता पोहऱ्याच्या वाटेवर चढ आहे. चढावर गाडी उकळते. गाडी पोचत नाही म्हणून झूल सुटत नाही, आणि तुझा मेहुणा म्हणतो झूल आहे म्हणून गाडी पोचत नाही. हे कोडं तुझ्या कायद्याच्या पुस्तकात असेल तर सोडव.

चंद्रशेखरचं वाक्य मी याडीला वाचून दाखवलं नव्हतं. उत्तमसिंगनं सांगून टाकलं. दोन दिवस तिनं गाडीला कुंकू लावलं नाही. बायका एकमेकींकडे चोरासारख्या पाहतात. जमनी बाळाला घेऊन आली आणि याडीच्या पायाशी बसून रडली, कारण सगळ्यात मोठा आरसा तिनं शिवला होता. मलाही भीती वाटते आहे. झूल सोडून पाहायचं धाडस मी केलं नाही, कारण गाडी नाहीच उकळली तर? मग दोष खरंच आमच्या बायकांचा ठरेल, आणि माझा.

आता माझा एक प्रश्न. दुकानाच्या आवारात चहा पिताना फिटर उत्तमसिंगला बोलून गेला, की ही गाडी इथं नवी नाही, आधी अमरावतीच्या एका डॉक्टरनं नेली होती आणि आठ दिवसांत परत आणली. तू मला सांगितलं होतंस की एका गिऱ्हाइकाची पाळी बदलली म्हणून गाडी मोकळी झाली. तुला माहीत होतं का?

खेमसिंग


यवतमाळ
२२ मार्च १९६२

प्रिय खेमसिंग,

हो.

अर्धं माहीत होतं. चंद्रशेखर मला म्हणाला की डॉक्टरीणबाईंना रंग पसंत पडला नाही, म्हणून गाडी परत आली, कुणी हवं असेल तर सांग. सांगताना तो माझ्याकडे पाहत नव्हता. ते मला दिसलं. उलटतपासणीत असा साक्षीदार मिळाला तर मी त्याला तासभर सोडत नाही. पण मेहुणा होता, तुझं काम झटपट होत होतं, आणि तू माझं कौतुक करशील हेही मनात होतं. मी विचारलं नाही. तुला मात्र गिऱ्हाइकाची पाळी बदलली असं सांगितलं. आणि पुन्हा तुझ्या झुलीवरून तुलाच खोटारडा ठरवलं. मला लाज वाटते आहे.

हे सगळं मी रत्नप्रभेला सांगितलं. ती म्हणाली, "मग तोंडी कशाला सांगता? लिहून द्या, सही करा. माझ्या भावाला मी तो कागद दाखवते." मी लिहून सही केली आहे. कागद तिच्याजवळ आहे. प्रकरण कोर्टात गेलं तर मी वकील म्हणून नाही, तुझा साक्षीदार म्हणून उभा राहीन.

चंद्रशेखर अजूनही झुलीलाच धरून आहे. पण एक गोष्ट त्यानं मान्य केली. पाडवा झाल्यावर तो फिटरला घेऊन तांड्यात येईल. झूल काढून गाडी त्या चढावर नेतील, फिटर स्वतः चालवेल. उकळली तर तो पैसे देईल. नाही उकळली तर आपण पुन्हा तोंड उघडायचं नाही. मला त्या दिवसांत पांढरकवड्याला खटला आहे, येता येणार नाही. रत्नप्रभा येईल.

नवसाचं काय करायचं ते मी सांगू शकत नाही. ते तुझ्या आईंनी, सुखीबाईंनीच ठरवायला हवं. त्यांनी नाही म्हटलं तर मी चंद्रशेखरला तसं कळवीन, आणि त्याला उत्तर देण्याचा दुसरा रस्ता शोधीन.

हसल्याबद्दल माफ कर. ते मला आठवतही नव्हतं.

तुझा
श्रीकृष्ण


तांडा
११ एप्रिल १९६२

प्रिय श्रीकृष्ण,

वहिनींना आम्ही दोन दिवस ठेवून घेतलं आहे, म्हणून हे पत्र त्यांच्याआधी पोचेल. त्या आल्या की त्यांच्या तोंडून पुन्हा ऐक.

तुझं मागचं पत्र आलं तेव्हा मी चिडलो होतो. तीन दिवस उत्तर लिहायला बसलो आणि तीनदा कागद फाडला. मग तारखेपुरतं कार्ड टाकलं, ते तुला मिळालं असेल. नवसाचं याडीला विचारलं नव्हतं. विचारायची हिंमतच नव्हती.

काल सकाळी दुकानवाले आले. सगळा तांडा गाडीभोवती उभा. चंद्रशेखर चांगले कपडे घालून आला होता आणि झुलीकडे बोट करून फिटरला म्हणाला, काढ ते. फिटर पुढं झाला. तेवढ्यात याडी दोघांच्या मधे येऊन उभी राहिली. मला वाटलं, संपलं.

याडी म्हणाली, "थांब बाप्पा. आमी बांधली, आमीच सोडतो. नवस माह्या हाय, तोडला तं पाप माह्याच डोक्यावर. सेवाभायाले मी समजावीन. पन बावीस घरच्या बायकांच्या हातानं मोटर मेली, हे बोलनं मी या तांड्यात राहू देत नाही."

तिनं एकेक गाठ सोडली. झूल तिनं घडी करून जमनीच्या हातात दिली आणि स्वतः मागच्या सीटवर जाऊन बसली. वहिनी तिच्या शेजारी बसल्या, त्यांच्या पलीकडे मी.

चढ लागला. दर वेळी जिथं वाफ निघते ते बेहड्याचं झाड आलं. काही नाही. गाडी सरळ पुढं. चंद्रशेखरनं मागं वळून माझ्याकडे पाहिलं. श्रीकृष्ण, आयुष्यात पहिल्यांदा मी नवी गाडी बिघडावी म्हणून देवाला हात जोडले. याडी डोळे मिटून बसली होती. एक वळण गेलं, दुसरं गेलं. मी मनात वाक्य जुळवू लागलो, बायकांना काय सांगायचं ते.

तिसऱ्या वळणावर फिटर म्हणाला, साहेब, गरमीचा काटा चढून राह्यला. आणि मग ती ओळखीची शिट्टी आणि भसकन वाफ. काच पांढरी झाली. गाडी उभी राहिली ती राहिलीच.

चंद्रशेखर तरी म्हणाला, ऊन फार आहे आज. तेव्हा वहिनींनी पिशवीतून तुझा कागद काढला आणि तिथंच, वाफेत, मोठ्यानं वाचला. अमरावतीच्या डॉक्टरपासून तुझ्या सहीपर्यंत सगळा. तो म्हणाला, "रत्ना, तू कुणाच्या बाजूची?" वहिनी म्हणाल्या, "मी मागच्या सीटवर बसले आहे दादा. मला इथूनसुद्धा वाफ दिसते." त्यानं कागद हातात घेऊन खालची सही पाहिली. मग म्हणाला, गाडी मी परत घेतो, पैसे महिन्याभरात पाठवतो. माणूस वाईट नाही. त्याचा चेहरा उतरला होता आणि मला त्याची थोडी दयाच आली.

आम्ही चालत परत आलो. याडी सगळ्यांच्या पुढं होती. तांड्यात शिरताना तिनं बायकांना एवढंच सांगितलं, "उकळली." मग जी काही गाणी सुरू झाली ती अजून चालू आहेत. वहिनी त्यांत नाचल्या हे मी लिहीत नाही, त्यांनी नको म्हटलं आहे. तुझा कागदही बायकांनी त्यांना पुन्हा दोनदा वाचायला लावला.

तुझ्यावरचा राग पूर्ण गेला असं म्हणत नाही. बराच गेला.

खेमसिंग


यवतमाळ
१९ मे १९६२

प्रिय खेमसिंग,

चंद्रशेखरकडून बँकेचा ड्राफ्ट आला, सोबत पाठवतो आहे. एक पैही कापलेली नाही. नागपूरला इंजिन उघडल्यावर ओतकामातच बारीक चीर निघाली. गाडी कारखान्यातून तशीच आली होती, ती कुणालाच दुरुस्त करता आली नसती. त्यानं रत्नप्रभेला तसं पत्र लिहिलं आहे आणि शेवटी सुखीबाईंना नमस्कार कळवला आहे.

माझं काम इथं संपलं. तुझं कठीण काम आता सुरू होईल, ते मला कळतं. घराघरात पैसे परत देताना तुला कसं वाटेल याचा विचार करून मला झोप लागत नाही. त्यात माझाही वाटा आहे. तांड्यात माझ्या नावानं कुणी शिव्या दिल्या तर त्यांना अडवू नकोस.

रत्नप्रभा रोज विचारते, पत्र आलं का.

तुझा
श्रीकृष्ण


तांडा
३ जून १९६२

प्रिय श्रीकृष्ण,

काल संध्याकाळी नसाब बसला. नसाब म्हणजे आमची पंचायत, सगळ्या घरांची. मी ड्राफ्ट वटवून आणला होता. बावीस पुडक्या केल्या, प्रत्येकीवर नाव लिहिलं आणि चटईवर मांडल्या. उभा राहून म्हणालो, की माझ्या शब्दावर तुम्ही दिले, माझ्या शब्दात खोट निघाली. आपापले उचला. आणि नायकीसाठी दुसरा माणूस पाहा.

कुणी उठलं नाही. मला वाटलं, मी निघून जावं म्हणून थांबले आहेत. तेव्हा धुरपताबाई उठली. ती आमच्यातली सगळ्यात म्हातारी. मोटार घेऊ नका म्हणून सुरुवातीपासून तीच भांडत होती. ती काठी टेकत आली, आपली पुडकी उचलली आणि माझ्या हातात ठेवली.

"बैल खोडीचा निघाला तं आमी लदेणी बंद नोती करत," ती म्हणाली. "दुसरा पाहून आनत होतो. तू दुसरी मोटर पाह्य. बसून काहून राह्यला?"

मग एकामागून एक सगळे आले. देवीलाल शेवटी आला, कडेवर मुलगी घेऊन. या वेळी तो माझ्याकडे पाहून हसला. मला पुढचं काही दिसेना. बावीस पुडक्या कशा धरायच्या तेही कळेना. शेवटी याडीनं पदर पसरला आणि त्यात सगळ्या घेतल्या.

पण नसाबानं दोन अटी घातल्या. पहिली, या वेळी गाडी पाहायला दोन बायका बरोबर जातील, याडी आणि जमनी. आधी चढावर चालवून पाहायची, मगच पैसे. दुसरी अट तुझ्याबद्दल आहे. मी तुझं नाव काढणार नव्हतो. मी म्हणालो, यवतमाळच्या वकिलाला आता त्रास देऊ नये. त्यावर धुरपताबाईच म्हणाली, "त्यालेच घेऊन जाय. त्यानं आपली चूक कागदावर लिहून देल्ली आन् खाली सही केली. असा मानूस मी ऐंशी वर्सांत दुसरा पाह्यला नाही."

सगळ्यांनी होकार दिला. मी पण दिला.

याडी, जमनी, उत्तमसिंग आणि मी, आम्ही चौघे पुढच्या सोमवारी, ११ तारखेला सकाळी यवतमाळच्या स्टँडवर उतरू. पुढच्या बसमध्ये तुझी जागा धरून ठेवतो. उशीर करू नकोस, बायका थांबणार नाहीत.

तुझा
खेमसिंग